जुन्या फ्लॉपीतील सभासद-यादी

आपल्या संस्थेची १९९३ सालची सभासद-यादी डॉसवरील फॉक्सप्रोमध्ये आहे. आजच्या ६४-बिट विंडोजवर तो प्रोग्राम चालतच नाही. म्हणून आम्ही डॉसबॉक्स घेतला. २००२ साली आलेला हा मोफत एम्युलेटर जुन्या संगणकाच्या प्रोसेसरची, मेमरीची नक्कल करतो. प्रोग्रामला आपण जुन्याच यंत्रावर आहोत असे वाटते. 'माउंट' आदेशाने फोल्डर सी ड्राईव्ह म्हणून जोडावा. त्याआधी फाईलींची प्रत काढावी, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये!

अडले ते मराठी नावांपाशी. ती सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टंकलेली. डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नाही, म्हणून पडद्यावर चित्रविचित्र खुणा दिसतात. नावे मात्र इस्की संकेतात शाबूत आहेत. दिवंगत सभासदांची नावे आम्ही प्रथम युनिकोडमध्ये उतरवीत आहोत.