नदी चुकलेली खडशी

नदीतील मासा घटला की त्यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे मत्स्यबीज सोडणे. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आणलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, धरणाच्या काठावर पाण्यात सोडली जातात, छायाचित्रे निघतात, आकडा नोंदला जातो. मात्र सोडलेला मासा त्याच नदीचा आहे का, हे क्वचितच विचारले जाते. तो प्रश्न राहून गेल्यास काय घडते हे कावेरीत दिसले आणि त्या कथेचे एक टोक लोणावळ्यात आहे.

महाशीर हा कार्प कुळातील, मोठ्या खवल्यांचा आणि मिशाळ मासा खळाळत्या पाण्यात वाढतो. पावसाळ्यात पाणी चढले की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो, गोट्यांच्या उथळ पात्रात अंडी घालतो आणि पूर ओसरताना डोहात परततो, त्यामुळे वाटेत धरणाची भिंत उभी राहिली की त्याची वीणच खुंटते. दख्खनमधील महाशीराला, म्हणजे खडशीला, शास्त्रीय नाव मिळाले ते कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केलेल्या वर्णनामुळे.

लोणावळा परिसरात पूर्ववाहिनी नद्यांचे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला वीजनिर्मितीसाठी वळवणाऱ्या टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात वळवण येथे महाशीराचे बीजकेंद्र उभारले. पक्व मादीच्या पोटावरून हलक्या हाताने बोटे फिरवली की सोनेरी-पिवळी अंडी भांड्यात उतरतात, त्यांत नराचे रेत मिसळले जाते आणि फळलेली अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत पसरून ठेवली जातात. कौशल्याचे आणि चिकाटीचे हे काम होते यात शंका नाही. धरणे बांधणाऱ्यांनीच माशांची काळजी घ्यावी, हे तर विरळाच. येथील बोटुकली अनेक राज्यांत गेली आणि त्यातच कावेरीतही पोहोचली.

कावेरीत मात्र स्वतःचा महाशीर होता. पाठीला कुबड, नारिंगी झाक असलेले पर आणि प्रचंड देह असलेला हा मासा 1946 मध्ये म्हैसूरजवळ 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा, गळाला लागला होता. मेट्टूरसारख्या धरणांनी, वाळूउपशाने आणि सुरुंग लावून होणाऱ्या मासेमारीने तो आधीच खचला होता. त्यात लोणावळ्याहून निळसर परांची खडशी आली. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या गळवाल्यांच्या 1998 ते 2012 या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा खडशी वाढत असल्याचे आणि कुबडवाला घटत असल्याचे दिसले. शिवाय जे थोडे कुबडवाले सापडत ते वर्षागणिक वजनदार होत गेले. वरकरणी ही सुवार्ता वाटेल, पण तिचा अर्थ म्हातारे मासे उरले आणि पिल्ले निपजेनाशी झाली, एवढाच होतो.

या माशाला नीट शास्त्रीय नावही नव्हते. केरळातील पांबार नदीतून वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच, हे 2018 मध्ये निश्चित झाले आणि मगच त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवता आले. नाव नसलेल्या माशाला धोक्यातील प्रजातींच्या यादीत जागा मिळत नाही, हा या शास्त्रातील एक कोरडा विनोद आहे. पूर्वी धोक्यात गणली गेलेली खडशी त्याच सुमारास ‘कमी चिंतेच्या’ गटात गेली.

महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत महाशीरांना देवीचे मासे मानतात आणि कोणी गळ टाकत नाही. या श्रद्धेला जातिभेदाचे शास्त्र ठाऊक नसले तरी ती नदीचा मासा नदीतच, त्याच्याच डोहात राखते. बीजकेंद्राला हे आपोआप साधत नाही, कारण तेथे मोजली जाते ती संख्या, आणि संख्येला गाव नसते. प्रत्येक खोऱ्यासाठी त्याच खोऱ्यातील प्रजनक मासे वापरणे हा यावरचा सरळ मार्ग आहे. कुबडवाला महाशीर आता भवानीची उपनदी असलेल्या मोयारसारख्या मोजक्या ठिकाणी उरला आहे. त्याचे बीज काढायचे तर पक्व नर आणि माद्या पावसाळ्याच्या नेमक्या दिवसांत हाती लागायला हव्यात, आणि नेमके तेच आता सर्वांत अवघड झाले आहे.