गोळी गेली, दुखणं राहिलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३० सप्टेंबर २००४ या दिवशी अमेरिकेतल्या मर्क कंपनीनं ‘व्हायॉक्स’ हे आपलं सांधेदुखीवरचं औषध जगभरच्या बाजारातून एकाएकी मागे घेतलं. औषधाचं मूळ नाव रोफेकॉक्सिब. आपल्याकडे अनेक भारतीय कंपन्या तेच औषध वेगवेगळ्या नावांनी विकत होत्या. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या हृदयविकाराच्या, शेअरबाजाराच्या आणि पुढे खटल्यांच्या. २००७ साली कंपनीनं अमेरिकेतले हजारो दावे मिटवण्यासाठी ४८५ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं, तेही छापून आलं. पण जी माणसं ती गोळी घेऊन जिना चढत होती, ती गोळी संपल्यावर काय करत होती, हे माझ्या तरी वाचनात आलं नाही.

माझी अम्मी त्यांतलीच एक. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. आधीच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊन ती दवाखान्यात पडून आली होती, त्यामुळे त्या गोळ्यांचं दार बंद. मग ही नवी गोळी आली. महिन्याभरात ती भिंत न धरता उठू लागली, फजरच्या नमाजला पुन्हा जमिनीवर बसू लागली. आणि एके दिवशी औषधाच्या दुकानातून मी रिकाम्या हातानं परत आलो. कारण सांगितलं तेव्हा ती आमच्या दखनीत एवढंच म्हणाली, “गोली बंद करे, दर्द कौन बंद करता?”

ही गोळी इतकी गुणकारी का होती आणि तिनंच हृदयाला धोका का दिला, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. सांधा सुजतो तेव्हा शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करत असतं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या ही निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे कळलं, की ही द्रव्यं बनवणारी विकरं दोन आहेत. कॉक्स-१ हे रोजच्या घरकामाचं. जठराचं अस्तर सांभाळणं हे त्याचं काम. कॉक्स-२ मुख्यतः सूज आली की कामाला लागतं. जुन्या गोळ्या दोघांनाही गप्प बसवत, म्हणून गुडघा शांत व्हायचा आणि पोटात व्रण पडायचे. मग फक्त दुसऱ्यालाच गप्प बसवणारी गोळी काढली तर? त्या विचारातून रोफेकॉक्सिब आलं. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, नॅप्रोक्सेन या जुन्या औषधाच्या तुलनेत पोटाचे त्रास निम्म्यावर आले. त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके मात्र जास्त दिसले. कंपनीचं म्हणणं पडलं, की नॅप्रोक्सेनच हृदयाचं रक्षण करत असावं.

यात एक मेख होती. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात गुठळी होऊ न देणारं एक द्रव्य बनतं, ते बऱ्याच अंशी कॉक्स-२ कडून. गुठळीला मदत करणारं द्रव्य रक्तातल्या प्लेटलेट बनवतात, ते कॉक्स-१ कडून. एकाला बांधून दुसऱ्याला मोकळं सोडलं, की तराजू गुठळीच्या बाजूनं कलतो.

औषध मागे घ्यायला कारण झालेली चाचणी संधिवाताची नव्हतीच. मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होऊ नयेत यासाठी ही गोळी उपयोगी पडते का, हे तिथं पाहत होते. सुमारे २,६०० माणसं. निम्म्यांना रोज २५ मिलिग्रॅमची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. सुमारे तीन वर्षांच्या त्या चाचणीत गोळीवाल्यांपैकी ४६ जणांना हृदयविकार, पक्षाघात असा गुठळीशी संबंधित गंभीर त्रास झाला, दुसऱ्या गटात २६ जणांना. हजाराच्या भाषेत सांगायचं तर एकीकडे ३६, दुसरीकडे २०. म्हणजे हजारामागे १६ जादा.

हा आकडा लहान की मोठा, हे तुम्ही तो कुठं बसून पाहता यावर ठरतं. अमेरिकेत पाच वर्षांत सुमारे दोन कोटी लोकांनी ही गोळी घेतली होती. त्या दोन कोटींची जबाबदारी ज्याच्या टेबलावर आहे, त्याला हजारी १६ म्हणजे गावंच्या गावं दिसतात, आणि ती त्याला दिसलीच पाहिजेत. अम्मीच्या खाटेवरून पाहिलं तर उरलेल्या ९८४ जणांना त्या गोळीनं जादा काही होत नव्हतं, आणि तिला संडासला जाताना कुणाला हाक मारावी लागत नव्हती. “दिल मेरा, घुटने मेरे, मेरेकू कौन पुछ्या?” हा तिचा दुसरा सवाल. तो अडाण्याचा सवाल नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची समिती बसली, तेव्हा हे औषध कडक इशाऱ्यांसह विकायला हरकत नाही असं १७ जणांनी आणि नको असं १५ जणांनी म्हटलं. कंपनीनं ते पुन्हा आणलं नाही. मला विचाराल तर बंदी योग्यच होती. धोका ठाऊक नसताना घेतलेली गोळी ही निवड नसते. पण ठाऊक झाल्यावर तरी रुग्णाला कुणी समोर बसवून हा हजारी १६ चा अर्थ सांगायला हवा होता.

गोळी गेल्यावर सल्ला मिळतो तो जुन्या ओळखीच्या गोळीचा. आपल्याकडे ती म्हणजे डायक्लोफेनॅक. जुनी म्हणजे निर्धोक, हा आपला आवडता समज. २०१३ साली शेकडो चाचण्यांचा एकत्र अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यात जास्त मात्रेतलं डायक्लोफेनॅक हृदयाच्या बाबतीत कॉक्सिब गोळ्यांच्याच पंगतीत जाऊन बसलं. उलट २०१६ मध्ये २४ हजार रुग्णांच्या चाचणीत मध्यम मात्रेतलं सेलेकॉक्सिब हे आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनपेक्षा हृदयाला अधिक घातक ठरलं नाही. तेव्हा गोळीच्या नावाइतकीच मात्रा किती, दिवस किती आणि घेणाऱ्याचं हृदय, पोट, मूत्रपिंड कसं आहे, हेही महत्त्वाचं. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. पोटाचा त्रास होऊन गेला असेल तर सोबत आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टर देतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक गोळी असं तिन्ही एकत्र झालं, तर मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉल त्यामानानं सौम्य, पण गुडघ्याच्या झिजेवर त्याचा उपयोग बेताचाच. डायक्लोफेनॅकचं मलम मात्र दुर्लक्षित आहे. ते चोळल्यावर गोळीच्या मानानं फारच थोडं औषध रक्तात जातं. गुडघ्याला आणि बोटांना त्याचा चांगला उपयोग होतो, खुब्याचा सांधा खोल असल्यानं तिथं नाही.

आमच्या घरांत आणखी एक अडचण असते, ती रमजानची. सहरी आणि इफ्तारच्या मध्ये बारा-चौदा तास पोट रिकामं, पाणीही नाही. अशा वेळी सूज उतरवणारी गोळी उपाशीपोटी घेणं म्हणजे पोट आणि मूत्रपिंड दोघांशी वैर. डॉक्टर वेळा बदलून देऊ शकतात; त्यांनी रोजा नको म्हटलं, तर आजाऱ्याला धर्मानंच सवलत दिली आहे. नमाजही खुर्चीवर बसून, इशाऱ्यानं सजदा करून होते. अम्मीला हे पटायला वर्ष लागलं. खुर्चीवर बसायचं म्हणजे अल्लाहसमोर पाहुण्यासारखं बसायचं, असं ती म्हणे.

तिला खरा आधार मिळाला तो एका व्यायाम-उपचार करणाऱ्या बाईंकडून. त्यांनी पहिल्या दिवशी काठी हातातून काढून दुसऱ्या हातात दिली. उजवा गुडघा जास्त दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. आपण सगळे नेमकी उलटी धरतो. मग मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. हा स्नायू सशक्त झाला की सांध्यावर येणारा हिसका तो स्वतः झेलतो. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात. वजनाचंही तसंच. शरीराचं वजन एक किलोनं उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. संडासात कमोडची खुर्ची, पलंगाची उंची वाढवायला खाली ठोकळे, ओट्याजवळ स्टूल. यातलं एकही त्या गोळीची बरोबरी करत नाही. सगळं मिळून निम्म्याच्या जवळपास जातं, असा आमच्या घरचा अनुभव.

हे सारं झिजेच्या संधिवाताबद्दल झालं. हाताची बोटं सकाळी तासभर ताठ राहत असतील, दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजत असतील, तर तो बहुधा आमवात. त्याला मेथोट्रेक्सेटसारखी वेगळी औषधं लागतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. तिथं नुसती वेदना मारत बसणं महागात पडतं.

एका गोष्टीपासून मात्र हात जोडून सावध करतो. चांगली गोळी बाजारातून गेली की पुड्यांचा बाजार तेजीत येतो. नाव जडीबुटीचं, आत पुष्कळदा स्टिरॉइड. दोन दिवसांत माणूस नाचायला लागतो. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, तेव्हाही अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली होती. १९५० मध्ये नोबेल मिळालं, आणि लवकरच दुष्परिणामांची यादीही हाती आली: सुजलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडं. डॉक्टर आजही स्टिरॉइड देतात, पण मोजून. पुडीत किती आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि महिनोन् महिने घेतलेली अशी पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवावी लागते.

शेवटचा उपाय सांधेबदलाचा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून हा खर्च थोडा आवाक्यात आला आहे. अम्मीनं शस्त्रक्रियेला नकार दिला होता, तो तिचा हिशेब. तुमचा वेगळा असू शकतो. तो मांडायला डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या: रक्तदाबाच्या, साखरेच्या, पोटाच्या, आणि दुकानातून परस्पर आणलेल्यांची रिकामी पाकिटंसुद्धा.