'कितीला गं?'

संक्रांत जवळ आली की बेंगळुरूत के. आर. पुरमच्या केबल-पुलाआसपासच्या सोसायट्यांत राहणाऱ्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाणाची चर्चा सुरू होते. कुणीतरी स्टीलच्या डब्यांचा फोटो टाकते. खाली लगेच, 'कितीला गं?' मग, 'तीन डझन घेतले तर कमी करेल का?' चहा होईपर्यंत सौदा ठरलेला.

मार्केटिंगवाल्यांना नेमकं हेच दिसत नाही. २०१६पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पाठवणारी आणि वाचणारी सोडून इतरांसाठी कुलूपबंद असतात. लिंकच्या शेपटाला कोड जोडलेला असेल, तर ती उघडल्यावर माग लागतो; नुसता फोटो पुढे गेला की मागच पुसला. या अदृश्य वाटेला अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने २०१२मध्ये 'डार्क सोशल' असं नाव दिलं.

बेंगळुरूतच २०१५मध्ये निघालेल्या मीशो या खरेदी-विक्रीच्या अ‍ॅपची युक्ती मला भारी वाटते. ग्रुपमध्ये डोकावता येत नाही ना, मग ग्रुपमधल्या बाईलाच विक्रेती करा! ती फोटो पाठवणार, किमतीवर आपला नफा चढवणार, ऑर्डर अ‍ॅपवर टाकणार. माल थेट गिऱ्हाइकाच्या दारी. २०१९मध्ये फेसबुकने मीशोत पैसे घातले, भारतीय स्टार्टअपमधली ही त्यांची पहिलीच गुंतवणूक. साडीचा रंग जाईल का, हे शेजारीण मात्र अजून ग्रुपमधल्या त्या बाईलाच विचारते, अ‍ॅपला नाही.