औषध कळतं, आजार कळत नाही

उंदराचे पुढचे पाय जमिनीपासून काही सेंटिमीटर उंच आडव्या दांडीवर ठेवायचे आणि घड्याळ लावायचं. एरवी उंदीर लगेच पाय काढून घेतो. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध टोचलेला उंदीर मात्र तसाच अवघडून बसून राहतो. ताकद असते, शुद्ध असते. हालचाल तेवढी सुरू होत नाही. या ताठरण्याला ‘कॅटॅलेप्सी’ म्हणतात.

सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात बलसारा, जाधव आणि चांदोरकर यांनी याच ताठरण्याचा अभ्यास केला. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर परिणाम करणारी औषधं दिली की हॅलोपेरिडॉलने येणारा ताठरपणा बदलतो का, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा निबंध 1979 साली ‘सायकोफार्माकॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. हा प्रश्न पुढच्या औषधांतही दिसतो: स्किझोफ्रेनियासाठी नंतर आलेलं रिस्पेरिडोन डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाबरोबर सेरोटोनिनचेही ग्राहक (रिसेप्टर) अडवतं.

हॅलोपेरिडॉल डोपामिनचे डी-2 ग्राहक अडवतं. त्यामुळे भास-भ्रम ओसरतात. पण हालचालींचं नियंत्रण करणाऱ्या भागातही तीच अडवणूक झाली, की रुग्णाचे हातपाय कडक होतात, कंप सुटतो. म्हणजे दांडीवरच्या चाचणीत दिसतो तो दुष्परिणाम. तरीही बरीच वर्षं तोच गुणाची खूण मानला गेला. क्लोझापिनने हा समज मोडला. त्याने उंदीर ताठरत नाही, म्हणून ते खरंच मनोविकारावरचं औषध आहे का, अशी शंका घेतली गेली. 1988 साली इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरही त्याचा गुण सिद्ध झाला.

दुसरी चाचणी अधिक भरवशाची. घंटा वाजते, पाठोपाठ सौम्य विजेचा झटका बसतो; उंदीर घंटा ऐकताच पलीकडच्या कप्प्यात जायला शिकतो. मनोविकारावरचं औषध दिल्यावर तो घंटेकडे दुर्लक्ष करतो, झटका बसला की मात्र पळतो. क्लोझापिनही या चाचणीत उतरतं. डोपामिनचे ग्राहक थेट न अडवणारं झॅनोमेलिनही उतरलं. ट्रॉस्पियमच्या जोडीने त्याला सप्टेंबर 2024मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. उलट, उंदरांच्या वर्तनावरून निवडलेलं उलोटॅरॉन्ट 2023मध्ये माणसांवरच्या चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यात नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

उंदराला भासातले आवाज ऐकू येतात का, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून प्रयोगवहीत ‘घंटेला प्रतिसाद कमी झाला’ एवढंच लिहावं. ‘भ्रम कमी झाला’ हे लिहिण्याचा अधिकार रुग्णांवरच्या चाचणीचा.