उन्हाला पुरून उरेल तोच तिसरा डोळा!

अमरावती असो की अकोला, नव्या घराचं गेट बसलं की कॅमेरा लावणारा मिस्त्री शोधायला सुरुवात होते. दुकानात चर्चा मेगापिक्सलची. पण वऱ्हाडात कॅमेऱ्याची खरी परीक्षा घेतात ते ऊन, धूळ आणि जाणारी लाइन. खरेदीआधी या काही गमतीच्या आणि तितक्याच कामाच्या गोष्टी वाचून ठेवा.

पाच दरवाजे, चार खिडक्या
अमरावतीची पहिली ‘सिक्युरिटी सिस्टीम’ दगडाची होती. पेंढाऱ्यांपासून इथल्या धनिक व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली परकोटाचं काम सुरू झालं. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या ठेवल्या. अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट ही नावं आजही रोजच्या बोलण्यात आहेत. सूत्र सोपं होतं: आत यायच्या वाटा मोजक्या आणि प्रत्येक वाटेवर नजर. कॅमेरे किती घ्यायचे हेही असंच ठरवा. आधी घरात शिरायच्या वाटा मोजा.

गाविलगड मागून पडला
डिसेंबर १८०३. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडासमोर दक्षिणेला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली ठाण मांडून बसला. तिकडे त्याचा जोडीदार स्टीव्हन्सन याच्या फौजेनं सातपुड्याच्या डोंगरदऱ्यांतून तोफा ओढत थेट उत्तरेची बाजू गाठली. तटाला भगदाड तिथेच पडलं आणि १५ डिसेंबरला किल्ला गेला. घराचंही तसंच असतं. गेटवर दोन कॅमेरे असतात आणि गच्चीचा जिना, मागचं अंगण, बाजूची बोळ मोकळी सोडलेली असते. चार कॅमेरे असतील तर एक मागे हवाच.

घरचा पहिला कॅमेरा एका नर्सचा
न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्सच्या ड्यूटीच्या वेळा अडनिड्या होत्या आणि पोलीस यायला उशीर लागायचा. म्हणून तिनं नवऱ्याच्या मदतीनं यंत्रणा रचली. दाराला चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत टीव्ही, बाहेरच्याशी बोलायला माईक आणि दूरवरून कडी उघडणारं बटण. अर्ज १९६६ चा, पेटंट १९६९ चं. आजच्या व्हिडिओ डोअरबेलमधलं बहुतेक सगळं त्यात होतं.

खोक्यावरचा बारीक आकडा
मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं, खासगी शिकवण्यांच्या वेळाही बदलाव्या लागल्या. त्यात हवामान खातं सांगतं ते तापमान सावलीतलं असतं. भर उन्हात टांगलेल्या बंद डब्याच्या आत पारा त्याहून बराच वर जातो. म्हणून खोकं उलटं करून ‘ऑपरेटिंग टेम्परेचर’ वाचा. घरात लावायच्या अनेक कॅमेऱ्यांवर ४० अंश लिहिलेलं असतं. बाहेर लावायचा असेल तर ६० अंशांचा घ्या आणि छज्ज्याखाली लावा. सोबत आयपी ६६ किंवा ६७ बघा. त्यातला पहिला ६ धुळीचा असतो आणि दुसरा आकडा पाण्याचा.

सेन्सरला माणूसच दिसत नाही
माणूस आला की दिवा लावणारा पीआयआर सेन्सर हालचाल नाही, उष्णतेतला फरक ओळखतो. थंडीत गार भिंतीसमोरून गरम माणूस गेला की त्याला चटकन कळतं. पण मेच्या दुपारी भिंत आणि माणूस जवळजवळ सारखेच तापलेले असले तर हाच सेन्सर गोंधळतो. भर उन्हाच्या जागी चित्रातून माणूस ओळखणारा कॅमेरा जास्त भरवशाचा.

मेळघाटचे वाघ दोन्ही बाजूंनी
मेळघाटात झाडांना बांधलेले कॅमेरा ट्रॅपही प्राणी समोरून जाताच फोटो काढतात. ते समोरासमोर जोडीनं लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे होते आणि त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो टिपले. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गेटसाठी घेण्यासारखं एवढंच: एकच कॅमेरा पाठ दाखवतो, समोरचा दुसरा चेहरा दाखवतो.

चेहऱ्याचं गणित : २५०
अनोळखी माणसाचा चेहरा नक्की ओळखू यावा यासाठी आंतरराष्ट्रीय मानकानं २०१४ साली दर मीटरला २५० पिक्सल मागितले. २ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यात आडवे १,९२० पिक्सल असतात. १,९२० भागिले २५० म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षाही थोडं कमी, अर्थात २५ फूट रुंदी. त्याहून रुंद अंगण एकाच कॅमेऱ्यात कोंबलं तर माणूस दिसेल, ओळखू येणार नाही. उंची आठ ते दहा फूट ठेवा. त्याहून वर गेलात तर फक्त टोपी दिसते. आणि शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येऊ देऊ नका. कुणाचं खासगी अंग संमतीविना टिपणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

न दिसणारा उजेड
रात्री कॅमेरा इन्फ्रारेड एलईडीच्या उजेडात पाहतो. तो डोळ्यांना जवळपास दिसत नाही, पण मोबाईलचा कॅमेरा समोर धरला की बहुतेक फोनवर ते एलईडी जांभळट चमकतात. एलईडी जिवंत आहेत का, हे बघायची ही फुकटातली चाचणी. काचेपुढे कोळ्यानं एक धागा जरी विणला तरी तो उजेड उलटून येतो, चित्र पांढरंफटक पडतं आणि रात्रभर मोबाईलवर खोट्या सूचना वाजत राहतात. महिन्यातून एकदा मऊ फडकं फिरवा.

लाइन गेली तर?
रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरला इन्व्हर्टर दिला पण राउटरला विसरलं, असं घरोघरी होतं. मग मोबाईलवर काहीच दिसत नाही. राउटरला छोटा यूपीएस जोडा आणि वायफाय कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालाच, म्हणजे वीज असून नेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. छताखाली कॅमेऱ्याच्या ‘थ्री प्लस वन’ केबलचे बीएनसी आणि डीसी पिनचे सांधे नुसती टेप गुंडाळून सोडलेले असतात. उन्हानं टेपचा डिंक वितळतो, जूनमध्ये पाणी शिरतं आणि पिन हिरवी पडते. ते सांधे जंक्शन बॉक्समध्येच बंद करून घ्या.

१ टीबी म्हणजे किती दिवस?
सेकंदाला २ मेगाबिटनं रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे ८६.४ जीबी. १ टीबीची हार्डडिस्क साधारण ११ दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस गावी गेलात तर पहिल्या काही दिवसांचं रेकॉर्डिंग गेलेलं असेल. डीव्हीआरमध्ये एच.२६५ ही चित्र जास्त दाबून साठवणारी पद्धत चालू केली तर हेच दिवस सुमारे दुप्पट होऊ शकतात.

स्मार्ट प्लग आणि आपला कूलर
रिमोटच्या एसीपेक्षा फिरत्या खटक्याचा डेझर्ट कूलर स्मार्ट प्लगला सोयीचा, कारण खटका ‘चालू’वर ठेवला की वीज मिळताच तो सुरू होतो. संध्याकाळी घरी पोचायच्या आधी खोली गार! टाकीत पाणी मात्र भरलेलं हवं, कोरडा पंप जळतो. कूलर आणि गिझरसाठी १६ अँपिअरचाच प्लग घ्या. बहुतेक स्मार्ट प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, जोडताना तेच नाव निवडा.

‘१२३४५६’नं इंटरनेट पाडलं
२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं सुमारे ६० सोपे, कंपनीनंच ठेवलेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच माऱ्यानं ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कोलमडल्या. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. खोक्यावर बीआयएसचा ‘आर’ पासून सुरू होणारा क्रमांक शोधा. पासवर्ड मात्र मिस्त्री जिना उतरायच्या आत स्वतःच्या हातानं बदला.

पुरावा जालन्याचा
२०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत पोचला. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं: मूळ उपकरण हजर न करता नुसती कॉपी द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागणारच. आता या प्रमाणपत्राची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. चोरी झालीच तर डीव्हीआर फॉरमॅट करू नका, क्लिप व्हॉट्सअॅपवर फिरवत बसू नका, मूळ यंत्र आहे तसं पोलिसांना दाखवा. त्यातलं घड्याळही बरोबर हवं. आतला सेल संपला की वीज जाऊन येताच तारीख मागे उडी मारते.

म्हणून आजच पाच मिनिटं काढा. डीव्हीआर उघडा, काल रात्री दोन वाजताचं रेकॉर्डिंग चालवून बघा, तारीख तपासा आणि पासवर्ड बदला. वऱ्हाडातल्या घराला महागडा नाही, मे महिन्यातही जागा राहणारा कॅमेरा हवा.