संगणकाच्या पुस्तकांची झाडाझडती कोण घेणार?

आपल्याकडे पुस्तकाचे परीक्षण म्हणजे नेमके काय असते? लेखकाचा परिचय, प्रकरणांची यादी, प्रस्तावनेतले दोन उतारे, मुखपृष्ठ आकर्षक आहे, छपाई सुबक आहे, मुद्रणदोष टाळले असते तर बरे झाले असते, आणि शेवटी 'प्रत्येकाने संग्रही ठेवावे' असे प्रमाणपत्र. कविता-कादंबरीच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाते. वाचक फार तर कंटाळतो आणि पुस्तक बाजूला ठेवतो. परंतु प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाचे असे गोडगोड परीक्षण ही वाचकाची उघड फसवणूक आहे. कारण शिकणारा त्या पुस्तकातली ओळ न् ओळ खरी मानून चालतो.

आणि हा शिकणारा कोण असतो? ज्याच्या घरात काका इंजिनिअर आहे, मावसभाऊ अमेरिकेत आहे, त्याचे वाईट पुस्तकाने फारसे बिघडत नाही. तो विचारून घेतो. पण तालुक्याच्या गावातून आलेली, घरातली पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी एकच पुस्तक विकत घेते. पाचशे रुपये म्हणजे तिच्या आईची दीड-दोन दिवसांची मजुरी. पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप करूनही चालला नाही, तर ती पुस्तकाला दोष देत नाही, स्वतःला देते. 'हे आपल्याला जमणारे नाही' ही समजूत तिच्या मनात एका चुकीच्या छापील ओळीने रुजते. म्हणून हा प्रश्न साहित्याच्या पानापुरता नाही.

उदाहरणे पाहा. बोर्लंड कंपनीचे 'टर्बो सी' १९८७ साली आले. आपल्या कित्येक महाविद्यालयांत त्यानंतरही दोन-अडीच दशके तेच शिकवले गेले. पुस्तके त्यावर बेतलेली, प्रश्नपत्रिकाही त्यावर बेतलेल्या. पूर्णांकाला दोन बाइट लागतात, असे मुलांनी पाठ केले. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर ते चार असतात. 'व्हॉइड मेन' लिहायची सवय लागली. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत 'मेन' हे फंक्शन पूर्णांक परत करते. सर्वांत वाईट म्हणजे 'आय प्लस प्लस' आणि 'प्लस प्लस आय' एकाच ओळीत कोंबून 'उत्तर काय येईल?' असे विचारणारे प्रश्न. भाषेच्या प्रमाणग्रंथानुसार अशा ओळीचा अर्थच ठरलेला नाही. एक कंपायलर एक उत्तर देईल, दुसरा दुसरे. तरीही त्याची 'अचूक' उत्तरे पुस्तकांच्या मागे छापली गेली, नोकरीच्या मुलाखतींत विचारली गेली आणि त्यावर मुले नापास झाली! याला शिक्षण म्हणायचे की पोथी?

किंवा 'गेट्स' नावाचे फंक्शन घ्या (बिल गेट्सशी त्याचा संबंध नाही). किती अक्षरे आली हे न मोजताच ते स्मृतीत लिहीत सुटते. १९८८ साली मॉरिस नावाचा संगणक-किडा अमेरिकेत धुमाकूळ घालून गेला, तेव्हा त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट हीच होती. अखेर २०११ च्या सी भाषेच्या मानकातून हे फंक्शन काढूनच टाकण्यात आले. ते मुकाट्याने शिकवणाऱ्या पुस्तकाला 'अत्यंत उपयुक्त' म्हणणाऱ्या परीक्षकाने एक तर ते वाचलेले नसते, किंवा त्याला विषय कळत नसतो.

इंग्लंडमध्ये हे काम कसे झाले ते सांगण्यासारखे आहे. १९८७ साली तिथे सी भाषा वापरणाऱ्यांचा एक गट निघाला, तो पुढे एसीसीयू या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या नियतकालिकात सभासद पुस्तकांची परीक्षणे लिहीत. फ्रान्सिस ग्लासबोरो हे त्यातले ठळक नाव. पुस्तक चांगले असेल तर तसे, आणि वाईट असेल तर स्पष्ट शब्दांत 'शिफारस नाही' असा शेरा. प्रकाशक किती मोठा, लेखक किती खपाचा, याची भीड नाही. हर्बर्ट शिल्ट हे प्रचंड खपाचे लेखक. सी भाषेचे अधिकृत मानक एका पानावर आणि समोरच्या पानावर त्यावरच्या टिपा, असे त्यांचे पुस्तक १९९० साली निघाले. क्लाइव्ह फेदर यांनी त्या टिपांतल्या चुका एकेक करून दाखवल्या. पुस्तक मूळ मानकापेक्षा स्वस्त होते; तेव्हा किमतीतला फरक हीच टिपांची खरी किंमत, असा विनोद प्रोग्रॅमर मंडळींत रूढ झाला. विनोद बोचरा खरा, पण त्याच्यामागे तपासून काढलेल्या चुकांची यादी होती.

चूक दाखवली की लेखक दुखावतो, हे कारण आपल्याकडे नेहमी पुढे केले जाते. डोनाल्ड क्नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड १९६८ चा. आपल्या पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देत आले. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पटीतल्या गणतीने एक डॉलर, असा त्यांचा हिशेब. त्यांची सही असलेला तो धनादेश लोक वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. २००८ पासून त्यांनी खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. मान तोच राहिला.

आपल्याकडे मात्र प्राध्यापक लेखक, त्याच महाविद्यालयात पुस्तक लावलेले, परीक्षक त्याचा सहकारी, आणि प्रत फुकट आलेली. कोण बोलणार?

प्रामाणिक परीक्षण म्हणजे लेखकाला झोडपणे असाही काहींचा समज असतो. तसे नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' घ्या. सोप्या, बोलक्या भाषेमुळे देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना त्याने सी भाषेची भीती घालवून दिली, हे मान्य करायलाच हवे. त्याच्या जुन्या आवृत्त्या टर्बो सीवर बेतलेल्या होत्या, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. रद्दीच्या दुकानातून घेतलेली जुनी प्रत आणि नवी आवृत्ती यांत फरक आहे, तो विद्यार्थ्याला परीक्षकाशिवाय कोण सांगणार? पायथॉनचेही तेच. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्या काळातल्या पुस्तकातली साधी 'प्रिंट'ची ओळसुद्धा पायथॉन ३ वर अडते.

आता जरा अवघड गोष्ट. आपल्या समाजातल्या एखाद्या तरुणाने कष्टाने मराठीत संगणकाचे पुस्तक लिहिले आणि त्यात चुका असल्या, तर? 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' असा निरोप येतो. हे सांभाळणे कोणाच्या खर्चाने होते? ते पुस्तक विकत घेणाऱ्या आपल्याच मुलांच्या. बाबासाहेबांनी १९१८ साली, सत्तावीसच्या आसपास वय असताना, बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचे परीक्षण 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त लिहिले. रसेल जगप्रसिद्ध होते. त्यांच्यातले घेण्यासारखे बाबासाहेबांनी घेतले आणि पैशाच्या मोहाविषयीची, मालमत्तेविषयीची त्यांची मांडणी कुठे कमी पडते तेही दाखवले. मोठेपणाची भीड नाही की उगाच आगपाखड नाही. आपल्या लेखकालाही हाच न्याय लावावा. चूक सांगायची तर पान क्रमांकासह सांगावी, दुरुस्ती सुचवावी, छापण्याआधी त्याला कळवावे, पण छापावे.

वस्त्यावस्त्यांत आपल्या अभ्यासिका आहेत, विहारांत ग्रंथालये आहेत, जयंतीला पुस्तके भेट येतात. कपाटात वीस-वीस वर्षांपूर्वीची संगणकाची पुस्तके दिमाखात उभी असतात. तिथल्याच शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांकडे एकेक पुस्तक पंधरा दिवस सोपवावे. प्रत्येक प्रोग्रॅम चालवून पाहायचा आणि पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवायची: कोणत्या वर्षी, कोणत्या कंपायलरवर तपासले, किती प्रोग्रॅम चालले, कोणत्या पानावरचा चालला नाही, का चालला नाही, आणि हे पुस्तक नवख्याने घ्यावे की नाही. खाली दोघांची नावे. अशा दहा चिठ्ठ्या जमल्या की त्यातली एक या पानासाठी पाठवा.