चार रंगांच्या वनवाटा

डोंगरात सायकल चालवणे हा धाडसी तरुणांचाच उद्योग आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. मोबाइलच्या पडद्यावर खडकांवरून उड्या घेत उतरणारे सायकलस्वार पाहिले की ती अधिकच घट्ट होते, आणि परदेशी शिकणाऱ्या मुलाने ‘सुटीत माउंटन बायकिंगला जातो’ असे कळवले की घरातील वडीलधाऱ्यांची झोप उडते. दक्षिण स्कॉटलंडच्या टेकड्यांमध्ये मात्र या छंदाला एक शिस्तबद्ध, सर्वांना झेपेल असे रूप देण्यात आले आहे. तेथे आठ वर्षांची नात, तिचे आजोबा आणि जागतिक स्पर्धेची तयारी करणारा खेळाडू एकाच जंगलात, परंतु आपापल्या वाटेवर सायकल चालवू शकतात. यामागे आहे वाटांची प्रतवारी. ही प्रतवारी आणि तिच्याभोवती उभे राहिलेले अर्थकारण, दोन्ही समजून घेण्याजोगे आहे.

लोकर, लाकूड आणि संकटाचे वर्ष

एडिंबरा शहराच्या दक्षिणेला ट्वीड नदीचे खोरे आहे. जाड लोकरी कापडाला ‘ट्वीड’ हे नाव कसे पडले, याची एक व्यापारी आख्यायिका सांगितली जाते. स्कॉटिश भाषेत अशा विणीच्या कापडाला ‘ट्वील’ म्हणत. लंडनच्या एका व्यापाऱ्याने पत्रातील तो शब्द ‘ट्वीड’ असा वाचला आणि तेच नाव बाजारात रुळले. या खोऱ्यातील पीबल्स, इनरलीदन, वॉकरबर्न ही गावे लोकरीच्या गिरण्यांवर वाढली. विसाव्या शतकात बहुतेक गिरण्यांची धडधड थांबली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाची तीव्र टंचाई जाणवली. त्यातून १९१९ साली वन आयोगाची स्थापना झाली आणि दक्षिण स्कॉटलंडच्या टेकड्यांवर पुढे स्प्रूस व लार्च वृक्षांची विस्तीर्ण लागवड झाली. पुढे यंत्रे आली तशी जंगलातील मजुरीही घटली.

त्यातच २००१ साली ब्रिटनमध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची भीषण साथ पसरली. देशभरात साठ लाखांहून अधिक मुक्या जनावरांची कत्तल करण्यात आली. स्कॉटलंडमध्ये सर्वांत मोठा फटका डम्फ्रीज व गॅलोवे या भागाला बसला. संसर्ग पसरू नये म्हणून पायवाटा व जंगले बंद झाली, पर्यटक फिरकेनासे झाले, आणि ज्यांच्या गोठ्यात एकही जनावर नव्हते अशा खाणावळी व दुकानेही ओस पडली. एका धंद्यावर आलेले संकट शेजारच्या दहा धंद्यांना कसे ग्रासते, याचे ते उदाहरण होते.

याच सुमारास वन आयोग, स्थानिक परिषदा आणि विकास संस्थांच्या सहकार्याने ‘सेव्हन स्टेन्स’ ही योजना आकाराला आली. ‘स्टेन’ म्हणजे स्कॉट बोलीत दगड. सात ठिकाणी सायकलींसाठी खास वाटा बांधायच्या आणि प्रत्येक ठिकाणी एक शिल्पित दगड उभारायचा, अशी कल्पना होती. हे दगड गॉर्डन यंग या शिल्पकाराने घडवले. जंगल तेच राहिले. त्याचा उपयोग मात्र वाढला.

रंगांचा अर्थ

वाटांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे चार रंग दिलेले असतात. युरोपातील बर्फावरच्या घसरवाटांनाही हेच रंग वापरतात.

हिरवी वाट रुंद, बरीचशी सपाट आणि घट्ट पृष्ठभागाची असते. साधी सायकल चालवता येणाऱ्या कोणालाही ती जमते. निळ्या वाटेवर एका सायकलीपुरती अरुंद पायवाट सुरू होते. मध्यम चढउतार, किरकोळ मुळे आणि दगड भेटतात. थोडासा सराव असलेल्याने येथून आरंभ करावा. लाल वाट खरी परीक्षा घेते. तीव्र चढ, उंच पायऱ्यांसारखे खडक आणि तोल सांभाळत पार करण्याची वळणे तिच्यावर असतात, आणि दमही चांगला लागतो. काळी वाट केवळ निष्णातांसाठी असते. तेथील अडथळे मोठे आणि अटळ असतात, चूक झाल्यास इजाही गंभीर होते. याखेरीज नारिंगी रंग उड्या व वेगवान उतारांच्या खास विभागासाठी राखलेला असतो.

वाटेच्या आरंभी फलक असतो. त्यावर रंग, अंतर आणि अपेक्षित कौशल्य लिहिलेले असते. कर्ज देण्यापूर्वी जोखमीची प्रत ठरवावी लागते, आणि घेणाऱ्यालाही आपली ऐपत ओळखावी लागते. येथेही तसेच आहे. फलक जोखीम प्रामाणिकपणे सांगतो. ऐपतीचा हिशेब ज्याचा त्याने करायचा असतो. रंग हा कोरड्या, चांगल्या हवेतील वाटेचा अंदाज असतो. पावसात ओली मुळे निसरडी होतात आणि तीच वाट एक पायरी कठीण भासते, हे ध्यानात ठेवावे लागते.

सात ठिकाणे, सात स्वभाव

ट्वीड खोऱ्यातील ग्लेनट्रेस व इनरलीदन ही जोडी सर्वाधिक परिचित आहे. पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेसमध्ये हिरव्यापासून काळ्यापर्यंत सर्व वाटा आहेत, म्हणून कुटुंबांची गर्दी तेथे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक सायकलिंग अजिंक्यपदाच्या क्रॉस-कंट्री शर्यती याच जंगलात झाल्या. शेजारचे इनरलीदन तीव्र उतारांसाठी ओळखले जाते. नवख्याने तेथे प्रेक्षक म्हणून जाणे बरे.

पश्चिमेला गॅलोवेमध्ये न्यूटन स्टुअर्ट गावाजवळ किरॉकट्री आहे. तेथील काळ्या वाटेवर ग्रॅनाइटचे उघडे कातळ पसरलेले आहेत. अमेरिकेतील युटा राज्यातील मोआब हे कातळांवरील सायकलस्वारीचे प्रसिद्ध ठिकाण. त्यावरून या कातळांना विनोदाने ‘मॅकमोआब’ म्हणतात. डॅलबीटी हे गाव ग्रॅनाइटच्या खाणींनी नावारूपाला आले. तेथील दगड एकेकाळी लिव्हरपूलच्या गोद्यांसाठी गेला. आज तोच खडक चाकांखाली असतो. डम्फ्रीजजवळचे मेबी, केवळ दोन इंग्रजी अक्षरांचे नाव असलेले वनग्राम ‘ए’, इंग्लंडच्या सीमेलगतचे न्यूकॅसलटन आणि गॅलोवे वन-उद्यानातील शांत ग्लेनट्रूल ही उरलेली ठिकाणे. गॅलोवेच्या याच अंधाऱ्या आकाशाला २००९ साली ‘डार्क स्काय पार्क’ हा मान मिळाला. दिवसा सायकल आणि रात्री तारे, असा दुहेरी लाभ तेथे होतो.

वाट बांधणे ही विद्या आहे

डोंगरातील वाटेचा मोठा शत्रू पाणी. सरळ उतारावर ओढलेली वाट दोन पावसाळ्यांत ओहोळ होऊन जाते. म्हणून वाट उताराला आडवी, समपातळी रेषेच्या जवळून नेतात. सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत ठेवावा आणि वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, हे बांधणाऱ्यांचे जुने नियम आहेत. वाट बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवतात आणि अधूनमधून छोटा उंचवटा देतात, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता बाजूला उतरते. वळणांना बाहेरून मातीचा बांध दिला की सायकल वेगातही स्थिर राहते. आपल्याकडे सह्याद्रीच्या पावसात घाटवाटा का वाहून जातात, याचे उत्तरही याच नियमांत दडलेले आहे.

उत्पन्न कोठून येते?

या वाटांवर सायकल चालवायला तिकीट नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला, सायकलस्वारांसह, मोकळ्या भूमीवर संचाराचा हक्क दिला आहे. मग उत्पन्न कोठून येते? वाहनतळाचे शुल्क, सायकलींचे भाडे व दुरुस्ती, शिकवणीवर्ग, उपाहारगृहे आणि मुक्काम यांतून. मुख्य वस्तू विनामूल्य ठेवून भोवतालचा व्यापार वाढवण्याची ही रीत जत्रेच्या गावातील दुकानदाराला समजावून सांगावी लागणार नाही.

परंतु विनामूल्य वस्तूलाही खर्च असतोच. वाटांची डागडुजी सतत करावी लागते. गॅलोवेतील लार्च वृक्षांना बुरशीसदृश रोगाने ग्रासल्याने मोठी वृक्षतोड करावी लागली. नोव्हेंबर २०२१ च्या ‘आर्वेन’ वादळात दक्षिण व पूर्व स्कॉटलंडमध्ये असंख्य झाडे कोसळली. तोड चालू असताना वाटा बंद राहतात आणि गिऱ्हाईक थांबले की गावातील गल्लाही थांबतो. २०१९ पासून सरकारी वनांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंड’ या संस्थेला लाकूड, वन्यजीव आणि पाहुणे अशा तीन खात्यांचा ताळेबंद जुळवावा लागतो.

पालकांनी काय पाहावे

अनेक मराठी मुले-मुली शिक्षणासाठी एडिंबरा, ग्लासगो येथे असतात. एडिंबराहून पीबल्स बसने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. त्यांना जाऊ नको म्हणण्यापेक्षा कसे जावे हे सांगणे अधिक उपयोगाचे.

पहिल्या दिवशी हिरवी, मग निळी वाट घ्यावी. निळी वाट न थांबता, न घाबरता पूर्ण झाली तरच लाल वाटेचा विचार करावा. मित्रांचा आग्रह ही पात्रता नव्हे. सायकल भाड्याने घ्यावी आणि निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासावेत. शिरस्त्राण आणि हातमोजे टाळू नयेत. उतारावर दोन्ही पेडल समपातळीत ठेवून उभे राहावे, नजर चाकाजवळ न ठेवता पुढच्या वळणावर ठेवावी. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नव्हे. अडथळा अवघड वाटला तर उतरून सायकल हाती धरून चालावे. जाणकारही हेच करतात.

एकट्याने जाऊ नये. जंगलात अनेक ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही, म्हणून परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून निघावे. अपघात झाल्यास ९९९ क्रमांकावर पोलिसांकडे पर्वत बचाव पथकाची मागणी करता येते. ही पथके स्वयंसेवकांची असतात. प्रवास विम्याचा कागद नीट वाचावा, कारण काही विम्यांत डोंगरी सायकलस्वारी वगळलेली असते किंवा तिच्यासाठी वेगळा हप्ता असतो. हवा तासातासाला बदलते, म्हणून पावसाचा कोट आणि घरचा कोरडा खाऊ पिशवीत असावा. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नसते.

गिरण्या बंद पडल्या, पशुधन गेले, तरी आहे त्या टेकड्या, आहे तो पाऊस आणि आहे तो दगड यांतून या भागाने नवा उद्योग उभा केला. त्यात नवख्याला लाज वाटू दिली नाही आणि कुशलाला कंटाळा येऊ दिला नाही. मूल हिरव्या वाटेने निघते आणि काही वर्षांनी स्वतःच्या कष्टाने लाल वाटेवर पोहोचते. मधल्या पायऱ्या न गाळता पुढे जाण्याची ही सवय सायकलीपुरती राहत नाही. दुकानाच्या गादीवर नव्याने बसणाऱ्या मुलालाही तिचा उपयोग होतो.